शिकारी मारायचा, की खुराडे बुजवायचे?

सकाळी खुराड्याचे दार उघडावे आणि आत दहा-बारा कोंबड्या मरून पडलेल्या दिसाव्यात, हा अनुभव खेड्यातल्या अनेक घरांना आला असेल. रानमांजराने नेलेली असते एखादीच. बाकीच्या नुसत्या मारून टाकलेल्या. अंडी विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवणाऱ्या घराला हे नुकसान लहान नसते. मग कोणीतरी म्हणते, ‘डूख धरून मारल्यात.’ पण रानमांजर खरोखर डूख धरते का?

हॅन्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली नेमक्या याच कोड्यावर लेख लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांची मोठी वसाहत होती. काळोख्या रात्री खोकडे तिथे शिरत आणि खाता येतील त्याहून कितीतरी जास्त पक्षी मारून जात. एरवी एका झडपेनंतर उरलेले सावज पळून जाते, त्यामुळे शिकार तिथेच थांबते. गडद अंधारात मात्र कुरव उडून जात नव्हते. खुराड्यातही तेच घडते. कोंबड्या पळू शकत नाहीत. समोर फडफड चालू असते, तोवर झडप घालण्याची प्रेरणाही जागी राहते. म्हणजे पाळीव प्राण्यांची पळवाट आपण बंद केली, तेव्हाच त्यांच्या राखणीची जबाबदारी आपल्यावर आली. ती माणसाने कशी पार पाडली, हे पाहू.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शेतकऱ्यांना ही जबाबदारी चांगली ठाऊक होती. व्हॅरो या लेखकाने ऐंशीच्या उंबरठ्यावर, इ.स.पूर्व ३७ च्या सुमारास, शेतीवर ग्रंथ लिहिला. कोंबड्यांच्या घराच्या खिडक्यांना वेताची जाळी असावी. भरपूर उजेड आत यावा, पण कोंबड्यांचा शत्रू येऊ नये, असे तो सांगतो. मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात खिळे ठोकलेला चामडी पट्टा घालायलाही तो सांगतो. खिळ्यांच्या डोक्यांनी कुत्र्याचीच मान सोलू नये, म्हणून आतून मऊ कातड्याचे अस्तर! पुढच्या शतकातला कॉल्युमेला म्हणतो की मेंढपाळाचा कुत्रा पांढरा असावा. कारण अंधूक उजेडात लांडगा समजून त्याच्यावरच घाव पडायला नको.

या साऱ्या उपायांत एक समान धागा दिसतो. ते शिकाऱ्याला संपवत नाहीत, तर त्याची शिकार अवघड करतात.

पुढे दुसरी वाट निघाली: डोके आणा, पैसे घ्या. इंग्लंडमध्ये १५६६ च्या कायद्याने खोकडाच्या किंवा बिज्जूच्या डोक्यामागे १२ पेन्स ठरवले आणि ते गावच्या चर्चमार्फत दिले जात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६३० मध्येच लांडग्यांवर बक्षीस लावले. आपल्याकडेही ब्रिटिश सरकारने हीच रीत चालवली. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या हिशेबानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत भारतात सुमारे २ लाख लांडगे, दीड लाखांवर बिबटे आणि ८० हजारांवर वाघ मारले गेले.

या वाटेचा सर्वांत मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. १९१५ साली तिथल्या संसदेने लांडगे आणि कोयोट मारण्यासाठी १ लाख २५ हजार डॉलर मंजूर केले. सापळे आले, स्ट्रिक्नीन आले, पुढे ‘१०८०’ नावाचे विष आले. बहुतेक राज्यांतून लांडगा नाहीसा झाला. पण लांडग्याचा धाकटा भाऊबंद कोयोट? त्याचा मुलूख उलट वाढला आणि तो जवळजवळ साऱ्या उत्तर अमेरिकेत पसरला. त्याला दडपणारा लांडगाच उरला नव्हता. शिवाय कोयोटांची संख्या घटली की उरलेल्यांना खाद्य मुबलक मिळते, पिल्ले जास्त होतात आणि रिकाम्या जागी नवे कोयोट येतात. विषाने गरुड आणि पाळीव कुत्रीही मेली. १९७२ मध्ये सरकारी जमिनींवर अशा विषांना बंदी आली. १९८२ मध्ये तो आदेश मागेही घेतला गेला.

मधल्या काळात मेंढपाळांनी करायचे काय? रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकात जुन्या वाटेकडे पाहिले. युरोप आणि तुर्कस्तानातल्या राखणदार कुत्र्यांची पिल्ले त्यांनी अमेरिकेत आणली. पिल्लू कोवळ्या वयात मेंढ्यांसोबत वाढवले, की ते कळपालाच आपले गणगोत मानते. शिकाऱ्याशी मारामारी करायची वेळ त्याच्यावर क्वचितच येते. त्याचे भुंकणे, मध्ये येणे एवढ्यानेही शिकारी बिचकतो आणि डाव फसतो. व्हॅरोचा कुत्रा असा दोन हजार वर्षांनी पुन्हा कामाला लागला!

आपल्या धनगरांना मात्र ही विद्या नव्याने शिकावी लागली नाही. शेतात मेंढ्या बसवल्या, की रात्री भोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, उभे राहते. बाहेर कुत्री आणि जागता माणूस असतो. संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे जनावरे पकडायचे जाळे. शिकाऱ्याचे जाळे राखणीला लागले, ही मोठी गमतीची गोष्ट.

मग बिबट्याला न मारता दूर नेऊन सोडले तर? तेही करून झाले. जुन्नर परिसरातल्या उसाच्या पट्ट्यात फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून दूर सोडण्याची मोठी मोहीम झाली. विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. मोहिमेनंतर ते १७ वर गेले. बिबटे जिथे आणि जेव्हा सोडले, त्याच्याशी हे हल्ले जुळत होते.

माणसांवर हल्ले करणारे जनावर कधी हटवावेच लागते. एकट्या बंदिस्त गोठ्याने सारे प्रश्न सुटणार नाहीत. पण ज्या घरात दोनच शेळ्या आहेत, त्यांच्यासाठी रात्रीचे पक्के दार, वरून छप्पर आणि बारीक जाळी हाच सर्वांत खात्रीचा विमा आहे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. मुलांनी आपापल्या किंवा शेजारच्या खुराड्याची, गोठ्याची पाहणी करावी. भोके किती, केवढी, कोणत्या उंचीवर? दार आतून ढकलले जाते का? मुंगूस कुठून येईल, रानमांजर कुठून, बिबट्या कुठून? नकाशा काढावा आणि मग घरच्यांना सोबत घेऊन एकेक भोक बुजवावे. व्हॅरोने सांगितलेली वेताची जाळी आजही कोणालाही विणता येते.