गावातल्या बाईचा कॅन्सर उपचार आणि व्हिडिओ कॉल: काय होतं, काय होत नाही

टेलिमेडिसिन म्हणजे डॉक्टर एकीकडे, पेशंट दुसरीकडे आणि मध्ये फोन. भारतात याचे नियम 25 मार्च 2020 ला आले. केमो, रेडिएशन, ऑपरेशनसाठी हॉस्पिटल गाठावंच लागतं. पण नुसता रिपोर्ट दाखवायला गावाहून मुंबई म्हणजे बुडालेली मजुरी, भाडं आणि सोबतीला एक माणूस. ते काम कॉलवर होऊ शकतं.

सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. घरून ॲपवर मोबाइल नंबर, ओटीपी, टोकन, की रांगेत लागलात. दुसरा मार्ग आरोग्य उपकेंद्राचा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला समोर बसवून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी जोडून देतात. मला हाच जास्त भरवशाचा वाटतो, बीपी वगैरे तिथेच बघून होतं. मात्र कॅन्सरतज्ज्ञ मिळेलच असं नाही. म्हणून जिथे उपचार चालू आहेत तिथे व्हिडिओ ओपीडी आहे का, हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारा.

रिपोर्ट कसे पाठवायचे?

सीटी स्कॅनची फिल्म खिडकीला धरून फोटो काढू नका. सीडीमध्ये डायकॉम फॉरमॅटच्या शेकडो इमेज असतात. अख्खा फोल्डर झिप करून ड्राइव्हची लिंक द्या. बायोप्सीचा कागद व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

फोन कोणी धरायचा?

इथे मी चुकलो. मावशीला गर्भाशयमुखाचा कॅन्सर, रेडिएशन झालेलं. कॉलवर फोन माझ्या हातात. डॉक्टरांनी विचारलं, “अंगावरून जातं का?” मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “नाही, बरं आहे.” पुढच्या महिन्यात प्रत्यक्ष गेल्यावर कळलं, तीन आठवडे रक्त जात होतं. भाच्यासमोर कशी सांगणार ती? आता मी कॉल लावतो, फोन पिठाच्या डब्याला टेकवतो, इयरफोन देतो आणि ओट्यावर जाऊन बसतो. आत मामेबहीण असते, ती लिहून घेते.

कॉलवर न भागणारं

2020 च्या नियमांनुसार मॉर्फिनसारखी नार्कोटिक औषधं कॉलवर लिहून देता येत नाहीत. दुखणं वाढलं तर भेटच लागते. आणि केमो चालू असताना ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला, तर टोकनची वाट बघू नका. गाडी काढा.