जायबंदी शिपायाचा भाला

भाला हे मराठी शिलेदाराचे पिढीजात हत्यार. परंतु लढाईत जायबंदी झालेल्या शिपायाने चाकांच्या खुर्चीत बसून तोच भाला परमुलखातील मैदानावर देशाच्या नावाने फेकावा, हा क्रम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. त्याचा उगम इंग्लंडातील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात सापडतो. महायुद्धात कणा दुखावलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या डॉ. लुडविग गुटमन यांनी 1948 साली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, 16 जखमींची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आणि तिचाच विस्तार होत 1960 साली रोममध्ये जो क्रीडामेळा भरला, तो आज पॅरालिंपिक म्हणून ओळखला जातो.

या परंपरेत पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे नाव अग्रभागी येते. फौजेत मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आलेल्या या जवानाला 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे बळ गेले. 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर पोहण्यात 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळवले. त्याच मेळ्यात ते अचूक भालाफेकीतही उतरले होते. या प्रकारात अंतरापेक्षा नेम श्रेष्ठ असे; जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत भाला रोवायचा आणि मध्यबिंदूच्या सान्निध्यानुसार गुण घ्यायचे.

पुढे 1984 साली न्यूयॉर्क येथील पॅरालिंपिकमध्ये भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्यपदक पटकावले, आणि त्याच स्पर्धेतील कांस्यही जोगिंदरसिंग बेदी यांच्या रूपाने भारताकडेच आले. त्यानंतर या खेळातील सुवर्णासाठी देशाला 2004 पर्यंत वाट पाहावी लागली. ते अथेन्समध्ये राजस्थानच्या देवेंद्र झाझरिया यांनी 62.15 मीटर भाला फेकून आणले.

बसून भाला फेकणाऱ्याला मात्र धाव घेण्याची मुभा नसते. त्याची बैठी चौकट पट्ट्यांनी जमिनीशी जखडलेली असते, फेकताना आसनावरून उठल्यास फेक बाद ठरते. म्हणून धावणाऱ्याला पायांकडून मिळणारा सारा वेग त्याला खांदा, पाठ आणि मनगट यांतूनच उभा करावा लागतो.

अशा कर्तृत्वाची दखल घेण्यात आपली दप्तरे मात्र मंदगती ठरली. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती 2018 साली, म्हणजे सुवर्णपदकानंतर तब्बल 46 वर्षांनी. आणि केसरकरांचे नाव तर पदकांच्या यादीबाहेर क्वचितच कोणाच्या ओठी येते. गौरवाचा हा विलंब भूतकाळातला असल्याने आता भरून निघणार नाही. बसून भाला फेकू पाहणाऱ्यांना जाणवणारा साधनांचा अभाव मात्र दूर करता येण्याजोगा आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे 5 टक्के दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावेत, अशी राज्यात तरतूद आहे. बारामती-इंदापूर पट्ट्यातील पिंपळीसारख्या गावांनी या रकमेतून एक बैठी चौकट आणि 600 ग्रॅमचा एक भाला विकत घ्यावा, आणि पुढील ग्रामसभेत तसा ठराव मांडण्याचे काम वाचकांपैकी कोणीतरी आपल्या शिरावर घ्यावे.