नाकारलेले चित्र आणि सिम्पसनची साखळी

१/ १८९६ साली पॅरिसमधील एका चित्रकाराने सायकलच्या साखळीच्या जाहिरातीसाठी भित्तिपत्रक रेखाटले. ते नाकारले गेले. कारण, चित्रातील साखळी बिनचूक नव्हती. चित्रकार होता आंरी द तुलूझ-लोत्रेक. गंमत अशी की, जी साखळी अचूक दिसावी म्हणून एवढा आग्रह धरला गेला, तिच्याविषयीचा मुख्य दावाच खोटा होता.

२/ तो काळ सायकलच्या वेडाचा होता. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि पुढील काही वर्षांत युरोपभर सायकलचे कारखाने उभे राहिले. ग्राहक मिळवण्याचा हुकमी मार्ग म्हणजे नामांकित व्यावसायिक सायकलपटू. छायाचित्रे भिंतीवर लावण्याइतकी मोठी आणि रंगीत छापता येत नसल्याने हे काम शिळाछापाच्या चित्रकारांकडे येई.

३/ इंग्रज संशोधक विल्यम सिम्पसन याने १८९५ मध्ये त्रिकोणी दुव्यांची साखळी बाजारात आणली. दुव्यांची आतली बाजू पुढच्या दातेरी चाकात अडके आणि बाहेरची टोके मागच्या चाकात. यामुळे तरफेचा लाभ मिळून सायकल अधिक वेगाने धावते, असे तो सांगे. वस्तुतः साखळी शक्ती वाहून नेते. निर्माण करीत नाही.

४/ तज्ज्ञांनी शंका घेताच सिम्पसनने पैज लावली. आपली साखळी वापरणारे खेळाडू इतरांना हरवतील, यावर तो एकास दहा द्यायला तयार होता. जून १८९६ मध्ये लंडनच्या कॅटफर्ड मैदानावर या शर्यती झाल्या. प्रेक्षकांचा अंदाज १२ ते २० हजारांच्या दरम्यान सांगितला जातो.

५/ सिम्पसनची सरशी झाली. परंतु त्याने टॉम लिंटन, जिमी मायकल आणि कॉन्स्टाँ ह्युरे हे अव्वल खेळाडू आपल्या बाजूला घेतले होते. शिवाय पॅरिसहून उत्तम वेगवाहक आणले होते. अनेक जण बसतील अशा लांबलचक सायकलवरून हे वेगवाहक खेळाडूच्या पुढे धावत आणि वारा स्वतःच्या अंगावर घेत. जय त्यांचा होता. श्रेय साखळीने घेतले.

६/ लोत्रेकला हे विश्व परके नव्हते. किशोरवयात दोन्ही पाय मोडल्यानंतर त्यांची वाढ खुंटली होती. सायकलपटूचे आयुष्य त्याच्या नशिबी नव्हते. मात्र त्याचा लेखक मित्र त्रिस्ताँ बर्नार पॅरिसमधील सायकल-मैदानाचा कारभार पाहत असे, आणि लोत्रेक तेथे नेहमी जाई. सिम्पसनचा फ्रान्समधील प्रतिनिधी लुई बूग्ले याने त्याला हे काम दिले व शर्यतींसाठी लंडनला नेले.

७/ पहिल्या चित्रात लोत्रेकने पडद्यामागचे जग दाखवले. सायकलवर ठेंगणा जिमी मायकल, दातांत नेहमीची काडी. बाजूला प्रशिक्षक चॉपी वॉरबर्टन आपल्या पिशवीवर वाकलेला. वॉरबर्टन खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये देतो, असा संशय तेव्हा बोलला जाई. त्याच वर्षी इंग्लंडमधील मैदाने त्याला बंद झाली.

८/ हे चित्र जाहिरात म्हणून बाद झाले. लोत्रेकने मग दुसरे काढले. पिवळ्या पार्श्वभूमीवर ह्युरे भरवेगात सायकल हाकतो आहे. मागे मैदानात सिम्पसन आणि बूग्ले उभे आहेत. काडी नाही, पिशवी नाही, संशय नाही. हे मान्य झाले. पहिल्याच्या थोड्याच प्रती छापल्या गेल्या.

९/ साखळी काही वर्षांतच बाजारातून नाहीशी झाली. वॉरबर्टन १८९७ मध्ये गेला, लोत्रेक १९०१ मध्ये. मायकल १९०४ साली अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर वारला, तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती. त्याच्या चेहऱ्यावरचा तो बेफिकीर भाव आज टिकून आहे तो नापसंत ठरलेल्या त्या कागदावर.

१०/ मंजूर झालेले चित्र मात्र पुन्हा एकदा नीट पाहावे. ह्युरेच्या अगदी पुढ्यात, कागदाच्या कडेने अर्धवट कापलेली, वेगवाहकांची सायकल दिसते. त्याच्या वेगाचे खरे कारण ती होती. सिम्पसनने साखळी तपासली आणि चित्र पसंत केले. विजयाचे रहस्य त्याच कागदावर उघड मांडलेले राहिले.