साइक्सचा मुक्काम आणि कोळशी, मळ्या, शिंगाळा

गेल्या जानेवारीत आम्ही चौघांनी एक घरगाडी भाड्याने घेतली. आत चौघांच्या निजण्याची सोय, गॅसची शेगडी, छोटे बेसिन, छतावर पाण्याची टाकी. नाहूरला आमच्या इमारतीखाली ती येऊन उभी राहिली तेव्हा वॉचमनने विचारले, "साहेब, शूटिंग आहे का?" राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तरी आपल्याकडे अशी गाडी अजून नवलाचीच. मेहुणे गाडी चालवणार होते. माझ्या पिशवीत एका जुन्या साहेबाच्या निबंधांच्या झेरॉक्स प्रती होत्या आणि खरे तर सहलीचा रस्ता त्यांनीच ठरवला होता.

मी शिक्षणाने ड्राफ्ट्समन. लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या, म्हणजे जुन्या आग्रा रोडवरच्या, एका कारखान्यात नकाशे काढण्यात उमेद गेली. इतिहासाचा नाद सुट्टीच्या दिवसांचा. त्यातच विल्यम हेन्री साइक्स हातात आला आणि सुटला नाही.

साइक्सचा जन्म १७९० चा. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने होता. पेशवाई बुडाल्यावर मुलूख हाती आला, पण त्यात आहे काय याचा हिशेब कंपनीकडे नव्हता. तो मांडायला १८२४ मध्ये मुंबई सरकारने साइक्सला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टोरेटांत तो फिरला. जमिनीचे धारे, माणसांची मोजदाद, हवेचा दाब, पाऊस आणि त्याबरोबर पशू, पक्षी, मासे. ते पद १८२९ मध्ये मोडीत निघाले, तरी काम पुरे करायला तो १८३१ पर्यंत राहिला.

त्या काळच्या साहेबी दौऱ्याची रीत सांगायला हवी, कारण आमच्या घरगाडीचे मूळ मला तिथे दिसते. राहुट्यांचे सहसा दोन संच असत. एकात साहेब निजलेला असताना दुसरा रातोरात पुढच्या मुक्कामी रवाना होई. सकाळी घोड्यावरून साहेब पोचेपर्यंत तिथे टेबल मांडलेले, चहा तयार. बैल, उंट, खलाशी, खानसामा असा सगळा लवाजमा. गाड्या आणि वैरण गावाने पुरवायची, आणि वेठ म्हणजे काय हे ज्यांच्या पणजोबांनी भोगले त्यांना वेगळे सांगायला नको. आम्हाला डिझेल पुरले. मुंबईहून बोरघाट चढून जाणारा चाकाच्या गाडीजोगा रस्ता १८३० मध्ये, जॉन माल्कम गव्हर्नर असताना खुला झाला. साइक्सचे बरेचसे हिंडणे तोवर आटोपले होते.

आमचा पहिला थांबा लोणावळ्याला, वळवणच्या तलावाशी. तिथल्या टाटांच्या केंद्रात गेली पन्नासएक वर्षे महसीर माशाची पैदास चालते. या माशाचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आणि ते दिले साइक्सने. नमुना त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. आजची मुळा-मुठा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वाक्य दोनदा वाचावे लागेल. पुण्यात आम्ही गाडी पुलावर थांबवली, पण काचा उघडल्या नाहीत.

पुढे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे दिसले. सव्वापाच चौरस किलोमीटरही न भरणारे हे गवताळ रान. उन्हे कलताना सात जनावरे टेकाडाच्या कडेने चरत होती. एकाने शेपटी हलवली, काळी. मराठीत तिला काळशिपी म्हणतात, म्हणजे काळ्या शेपटीची. १८३१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे गेलेल्या आपल्या सस्तन प्राण्यांच्या यादीत साइक्सने हा मराठी शब्द अर्थासकट नोंदवला. शास्त्रीय नाव मात्र सोसायटीच्या एडवर्ड बेनेट यांच्यावरून ठेवले. त्याच यादीत आपला लांडगा 'पॅलिपेस', म्हणजे फिकट पायांचा, झाला. कोळसुनाला त्याने 'दुखुनेन्सिस', दख्खनचा, म्हटले. पण रानकुत्र्याचे वर्णन पीटर पालासने १८११ मध्येच केले असल्याने साइक्सचे नाव आता उपजातीपुरते उरले आहे. तिन्ही ठिकाणी मराठी शब्द आहे, पण तो बाजूला, माहितीपुरता.

माशांच्या निबंधात मात्र उलटे घडले. १८३९ मध्ये छापल्या गेलेल्या त्या वर्णनांत मराठी शब्दच थेट शास्त्रीय नावात चढले. कोळशीचा 'कोलस', मळ्याचा 'मुल्या', शिंगाळ्याचा 'सीनघाला'. असे का केले असावे? माझा तर्क असा की लांडगा, हरीण साहेब स्वतः बंदुकीने मारत होता. मासा मात्र त्याच्यापुढे भोयाच्या, कोळ्याच्या टोपलीतून, नाव घेऊनच येत होता. सिद्ध करता येणार नाही, पण माशांच्या नावांत त्या टोपलीवाल्यांचा आवाज मला ऐकू येतो. त्यांच्यापैकी एकाचेही नाव शास्त्रीय नावात आलेले नाही. बेनेटचे आले.

साइक्सच्या आधीपासून त्याच मुलखात हिंडणाऱ्या रॉबर्ट मॅन्सफील्डचा हिशेब वेगळाच होता. १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत त्याने अहमदनगर भागात ९६१ माळढोक मारले. आज सोलापूरच्या नान्नजला एक माळढोक दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते. आम्हाला तिथवर जायचे होते; सुट्टी संपत आली आणि बेत सोडला.

शेवटचा मुक्काम भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर. पहाटे रोहित पाहून झाले. लोक त्यांच्यासाठीच येतात आणि ठाण्याच्या खाडीमुळे आम्हा नाहूरकरांना त्यांचे तितके अप्रूप नाही. मी होडीवाल्या भोईदादांपाशी झेरॉक्स उघडून बसलो आणि नावे वाचू लागलो. शिंगाळा म्हणताच त्यांनी हात पसरून लांबी दाखवली. कोळशी म्हटल्यावर म्हणाले, वडील धरायचे. मळ्या त्यांनी ऐकला नव्हता.

"मग आता जाळ्यात काय येतं?" मी विचारले.

त्यांनी होडीतली पाटी पुढे सरकवली. आफ्रिकेतून आलेली चिलापी, काठोकाठ.

"हीच येती आता," ते म्हणाले. "घ्या दोन किलो. शेगडी आहे ना तुमच्या गाडीत?"