बंबाची ओढ

12 जानेवारी 2025, संध्याकाळ
आजीच्या डोळ्यांना धूर लागतो म्हणून तांब्याच्या बंबाच्या वीतभर चिमणीवर मी आठ फुटी पत्र्याचा पाइप चढवला. "झडप बसवू का?" असं पत्रेवाल्यानं विचारलं होतं. धुराला कसली झडप, म्हणून मीच नको म्हणालो. काका म्हणाला, "काय बे, विमानाला आडवी येते म्हणून आपल्या इथल्या कारखान्याची चिमणी पाडली, अन् तू घरात नवी उभी करतोस?"

13 जानेवारी, पहाटे 4.00
भोगी. कडक गारठा. तुराट्या, वर बाभळीच्या दोन ढलप्या. धुराचा पत्ता नाही. आजी खूश.

4.20
बंब हूऽऽ करायला लागला. एरवी पाऊण तास लागतो, आज वीस मिनिटांत पाणी खळखळलं. पाइपातली तापलेली हवा हलकी, बाहेरची गार हवा जड; पाइप जितका उंच आणि पहाट जितकी गार, तितकी ओढ जास्त. खालच्या जाळीतून वारा घुसत होता आणि ढलपी टाकली की संपत होती. मी टाकत होतो.

5.00
आमच्याकडे नियम एकच: बादली काढली की बादली ओतायची. पण पाणी इतकं कढत, की जो तो पाव बादली घेऊन नळाचं गार मिसळी. एवढ्याशा पाण्यासाठी बंब कोण भरणार? उरलेलं वाफ होऊन जात होतं.

5.40
काकाची पाळी. तोटी थुंकायला लागली.

5.45
झाकण उचललं. पाणी तळाला. पाणी असतं तोवर तांबं शंभर अंशांच्या आसपासच राहतं. उघडं पडलं की सुटतं. कथील 232 अंशांना वितळतं. आतल्या नळीवरची कल्हई घामासारखी थेंबाथेंबानं ओघळत होती. मी गार पाण्याची बादली उचलली. आजीनं मनगट धरलं.
"वाफ तोंडावर येईल, मेल्या! आधी खालचं तोंड बंद कर."
तिनं जुनी परात राखेच्या तोंडाला उभी लावली. हूऽऽ बसलं. झडप याचसाठी असते, हे मला काल सुचायला हवं होतं.

5.50
तेवढ्यात तळाची झाल सुटली. उरलंसुरलं पाणी निखाऱ्यांवर पडलं, परात उडाली आणि राखेचा लोट थेट मोरीच्या दारावर. तिथं काकाची पांढरीशुभ्र बाराबंदी टांगलेली. ती घालून तो यात्रेतल्या नंदीध्वजांबरोबर 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला निघणार होता.

6.10
आजी दगडी चुलीवर पातेलं ठेवत होती. काका टॉवेल गुंडाळून, बाराबंदी उलटी करून बघत होता.