दोन रुपयांचा टेलिकॉम शेअर खरंच स्वस्त असतो का? समजून घ्या

‘शेअर फक्त २ रुपयांचा आहे, १० हजार टाकले तर ५ हजार शेअर मिळतील.’ असा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर आला असेल. डिमॅट खातं मोबाईलवर उघडता येतं, त्यामुळे गोंदिया, तिरोडा, आमगावमध्ये धानाच्या चुकाऱ्यातली रक्कमही थेट शेअर बाजारात जाऊ शकते. आणि नेटवर्क तर रोजच्या वापरातलं, त्यामुळे टेलिकॉम कंपनी ओळखीची वाटते. पण ओळख वेगळी आणि नफा वेगळा.

स्वस्त शेअर म्हणजे छोटी कंपनी?

नाही. कंपनीची किंमत काढायची तर शेअरचा भाव गुणिले एकूण शेअर असा हिशोब करावा लागतो. व्होडाफोन आयडियाचे १०,८०० कोटींहून जास्त शेअर आहेत. एक शेअर ८ रुपयांचा धरला तरी कंपनीची किंमत ८६,००० कोटींच्या वर जाते. २०२५ मध्ये कंपनीकडून येणं असलेल्या ३६,९५० कोटींच्या बदल्यात सरकारने शेअर घेतले आणि सरकारचा वाटा जवळपास ४९ टक्के झाला. कंपनीवरचा भार हलका झाला, पण शेअरची संख्या वाढली आणि जुन्या शेअरधारकांचा वाटा कमी झाला.

सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यात पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढच्या स्मॉल कॅप. म्हणजे छोटी कंपनी भावावरून नाही, एकूण मूल्यावरून ठरते.

छोट्या टेलिकॉम कंपन्यांचे तीन प्रकार

१. सेवा देणाऱ्या: १९८६ मध्ये सुरू झालेल्या एमटीएनएलचं क्षेत्र फक्त मुंबई आणि दिल्ली. गोंदियात सरकारी नेटवर्क आहे ते बीएसएनएलचं, आणि बीएसएनएल शेअर बाजारात नाही. ती पूर्ण सरकारी कंपनी आहे. त्यामुळे कुणी ‘बीएसएनएलचा शेअर’ विकत असेल तर सरळ सावध व्हा. एमटीएनएलचा शेअर बाजारात मिळतो, पण डोक्यावर हजारो कोटींचं कर्ज आहे आणि बँकांचे हप्ते थकल्याचं कंपनीने स्वतः शेअर बाजाराला कळवलं आहे.

दुसरी टाटा टेलिसर्व्हिसेस महाराष्ट्र, म्हणजे टीटीएमएल. सामान्य ग्राहकांचा मोबाईल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलकडे गेला, आता ती कंपन्या आणि कार्यालयांना सेवा देते. २०२० च्या सुरुवातीला दोन-तीन रुपयांचा हा शेअर जानेवारी २०२२ मध्ये २९० च्या आसपास पोहोचला आणि नंतर शंभराच्याही खाली आला. नाव टाटाचं असलं तरी वर चढून घेणाऱ्यांचे पैसे अडकलेच.

२. टॉवरवाल्या: यांचं उत्पन्न म्हणजे भाडं. भाडेकरू गेला की टॉवर उभा राहतो, पण पैसे थांबतात. जीटीएल इन्फ्राचा मोठा भाडेकरू एअरसेल होता. २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली आणि त्याचा फटका जीटीएल इन्फ्राला बसला.

३. केबल आणि उपकरणं बनवणाऱ्या: छत्रपती संभाजीनगरात कारखाने असलेली स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, एचएफसीएल, तेजस नेटवर्क्स या त्यातल्या. यांना स्पेक्ट्रम विकत घ्यावं लागत नाही, पण ऑर्डरवर पोट असतं. बीएसएनएलच्या ४जी कामामुळे २०२४-२५ मध्ये तेजसची विक्री खूप वाढली. ते काम ओसरल्यावर पुढच्याच वर्षी कंपनी तोट्यात गेली.

भारतासारख्या बाजारात धोका जास्त का?

ग्राहक वाढतात म्हणजे नफा वाढतोच असं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली, दर कोसळले आणि अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या. २००८ मध्ये ८०० रुपयांच्या वर गेलेला रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर पुढे एक-दोन रुपयांवर आला. २४ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने एजीआरचा निकाल दिला आणि कंपन्यांवर जुन्या थकबाकीचा डोंगर आला. परदेशात चलनाचाही धोका असतो. २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन नायरा घसरलं आणि ग्राहक भरपूर असूनही एमटीएन नायजेरिया तोट्यात गेली.

दोन शेअरची तुलना कशी कराल?

- कर्ज किती आणि व्याज भरण्याइतका नफा आहे का?
- व्यवसायातून प्रत्यक्ष रोख पैसा येतो का? नफा कागदावरही दिसू शकतो.
- एकाच ग्राहकावर किती विक्री अवलंबून आहे?
- प्रवर्तकांनी आपले शेअर गहाण ठेवलेत का?
- गेल्या पाच वर्षांत शेअरची संख्या किती वाढली?

ही माहिती बीएसई आणि एनएसईच्या वेबसाईटवर मोफत मिळते. आणि एक लक्षात ठेवा: लोअर सर्किट लागलं की विकायची इच्छा असूनही घेणारा मिळत नाही. म्हणून बियाणं, खत, फी किंवा दवाखान्यासाठी लागणारा पैसा अशा शेअरमध्ये नको.

सल्ला देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाईटवर तपासा. नोंदणीकृत सल्लागार किंवा ब्रोकरने फसवलं तर सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर तक्रार करता येते. मात्र नोंदणीच नसलेल्या टेलिग्राम ग्रुपमुळे बुडालेले पैसे परत मिळणं फार अवघड असतं, त्यामुळे ही तपासणी पैसे टाकण्याआधीच करा.