डागाळलेले भिंग आणि स्वच्छ चित्र

फिल्मचा जुना कॅमेरा कपाटातून बाहेर निघाला, की बहुतेकांचा हात आधी रुमालाकडे जातो. भिंगावर निळसर-जांभळी झाक दिसते आणि ती घासून काढावी, भिंग लखलखीत करावे, असे वाटते. पण थोडे थांबायला हवे. ती झाक म्हणजे मळ असेलच असे नाही. कदाचित तोच त्या भिंगाचा सर्वांत मोलाचा भाग असेल. भिंगावरचा डाग हा दोष की गुण, हा प्रश्न एकेकाळी शास्त्रज्ञांनाही पडला होता. त्याचे उत्तर शोधता शोधता छायाचित्रणाचे एक जुने दुखणे बरे झाले.

हे दुखणे कोणते, ते आधी पाहू. काच पारदर्शक असली तरी तिच्यावर पडणारा सगळा प्रकाश पलीकडे जात नाही. हवा आणि काच यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीत खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, तो यामुळेच. चष्म्याच्या एका काचेला अशा दोनच सीमा असतात, त्यामुळे हे नुकसान फारसे जाणवत नाही. कॅमेऱ्याचे भिंग मात्र अनेक भिंगांचे मिळून बनलेले असते. जर्मनीतील येना येथील झाईस कंपनीत पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ साली ‘प्लानार’ या भिंगाची रचना केली. त्यात हवा आणि काच यांच्या आठ सीमा होत्या. प्रत्येक सीमेवर ९६ टक्के प्रकाश पुढे जातो असे धरून ०.९६ हा आकडा आठ वेळा गुणून पाहा. उत्तर येते सुमारे ०.७२. म्हणजे जवळजवळ २८ टक्के प्रकाश वाटेतच परत फिरतो.

नुसता प्रकाश कमी पडला असता तरी चालले असते. परत फिरलेल्या प्रकाशाचा काही भाग भिंगांच्या पृष्ठभागांवर पुन्हा परावर्तित होतो आणि भलत्याच जागी फिल्मवर पडतो. त्यामुळे काळा भाग करडा होतो आणि चित्र फिकट दिसते. प्लानारची रचना उत्तम असूनही ती मागे पडली, याचे हे एक मोठे कारण. रुडॉल्फ यांनीच १९०२ साली ‘टेसार’ हे चार काचांचे भिंग तयार केले. त्यातील दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्याने सीमा सहाच उरल्या, आणि हे भिंग कमालीचे लोकप्रिय झाले. थोडक्यात, परावर्तनाच्या धाकाने भिंग बनवणाऱ्यांचे हात बांधलेले होते.

मळलेली काच अधिक पारदर्शक!

यातून सुटण्याची खूण निसर्गाने आधीच दाखवून ठेवली होती. आम्लाचा परिणाम झालेली काच कमी प्रकाश परावर्तित करते, हे योसेफ फ्राउनहोफर यांनी १८१७ साली पाहिले होते. लॉर्ड रेले यांनी १८८६ साली प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही हवेने डागाळलेली जुनी काच ताज्या घासलेल्या काचेपेक्षा कमी परावर्तन करताना आढळली.

इंग्लंडमधील यॉर्क शहरात टी. कुक अँड सन्स ही दुर्बिणी बनवणारी कंपनी होती. तेथील प्रकाशशास्त्रज्ञ हॅरॉल्ड डेनिस टेलर यांनी १८९२ साली एका जुन्या, डागाळलेल्या भिंगाची तुलना नव्या भिंगाशी केली. जुन्या भिंगातून अधिक प्रकाश जात होता! हेच टेलर १८९३ सालच्या प्रसिद्ध ‘कुक ट्रिप्लेट’ या तीन काचांच्या भिंगाचे जनक. भिंगावरच्या या डागाकडे संशयाने पाहू नका, तो तुमचा मित्र आहे, असा दिलासा त्यांनी दुर्बिणींच्या मालकांना दिला.

असे का होते? हवेतील आर्द्रता आणि वायू यांच्यामुळे काचेच्या पृष्ठभागातील काही घटक, उदाहरणार्थ शिशाचे किंवा अल्कधर्मी धातूंचे संयुग, हळूहळू निघून जातात. मागे सिलिकाचा अतिशय पातळ आणि सच्छिद्र थर उरतो. त्याचा अपवर्तनांक काचेपेक्षा कमी, पण हवेपेक्षा जास्त असतो. आता प्रकाशाचे परावर्तन दोन ठिकाणी होते: थराच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला. थराची जाडी त्यातील तरंगलांबीच्या एक-चतुर्थांश असेल, तर दुसरी लाट पहिलीपेक्षा अर्ध्या तरंगलांबीने मागे राहते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खोलगट भागावर येतो आणि दोन्ही लाटा एकमेकींना मारक ठरतात. मग तो प्रकाश गेला कुठे, असे विद्यार्थी विचारतील, आणि विचारायलाच हवे. ऊर्जा नाहीशी होत नाही. जो प्रकाश परत फिरत नाही, तो काचेतून पुढे जातो.

टेलर यांनी रसायने वापरून काच मुद्दाम डागाळण्याची पद्धत शोधली आणि १९०४ साली तिचे पेटंट घेतले. पण प्रत्येक प्रकारची काच रसायनांना वेगळा प्रतिसाद देई. त्यामुळे डाग हवा तसा आणि हवा तेवढाच पाडणे जमेना.

डाग पाडण्याऐवजी लेप

उपाय निघाला तो आणखी तीस वर्षांनी. काचेतून काही काढण्याऐवजी तिच्यावर काही चढवावे, ही ती कल्पना. झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली निर्वात पात्रात फ्लोराइडची वाफ करून ती काचेवर बसवण्याची पद्धत विकसित केली. अमेरिकेत जॉन स्ट्राँग यांनी १९३६ साली स्वतंत्रपणे तसेच यश मिळवले. १९३८ साली कॅथरिन ब्लॉजेट यांनी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत साबणासारख्या पदार्थाचे, एका रेणूच्या जाडीचे ४४ थर एकावर एक चढवून काचेची चकाकी जवळजवळ घालवून दाखवली. तो लेप मात्र बोटानेही पुसला जाई.

शेवटी टिकले ते मॅग्नेशियम फ्लोराइड. त्याचा अपवर्तनांक १.३८. सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर दिला, की साध्या काचेवरील परावर्तन ४ टक्क्यांवरून सव्वा टक्क्याच्या आसपास येते. आठ सीमांच्या भिंगातून आता ७२ ऐवजी सुमारे ९० टक्के प्रकाश पार होतो. ही जाडी हिरव्या प्रकाशासाठी बेतलेली असल्याने लाल आणि निळा प्रकाश थोडा परत फिरतो. भिंगावर दिसणारी जांभळी झाक ती हीच! लेप आल्यावर प्लानारसारख्या रचनांचे दिवस पालटले.

पुसण्यापूर्वी ओळखा

जुने भिंग हाताळताना हा इतिहास कामास येतो. सुरुवातीच्या काळातील लेप मऊ होते. आतल्या पृष्ठभागांवर तर ते नुसत्या पुसण्यानेही निघू शकतात, आणि एकदा गेलेला लेप घरी परत येत नाही. म्हणून आधी निदान करावे, मग उपचार.

सगळीकडे सारखी पसरलेली, कोन बदलला की रंग बदलणारी झाक हा लेप किंवा नैसर्गिक डाग असतो. त्याला हात लावू नये. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी. कोकणातील पावसाळा तिला फार मानवतो. चामड्याच्या बंद पिशवीत ओल साठते, म्हणून भिंग सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवावे. बुरशी आम्ल सोडते; फार दिवस राहिली तर काच कोरली जाते आणि पुसूनही खूण उरते. आतल्या काचेवर धुक्यासारखा पडदा असेल, तर यंत्रणेतील ग्रीसची वाफ बसलेली असू शकते. कडेला इंद्रधनुषी कडी दिसली, तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्या आहेत, असे समजावे. हे आतले दोष जाणकार कारागिरावर सोपवावेत.

आणखी एक दोष पुसून जाणारा नाही. काही जुन्या भिंगांच्या काचेतच थोरियम असते. त्याच्या किरणोत्सारामुळे काचेच्या अंतर्भागात सूक्ष्म दोष तयार होतात आणि ती वर्षानुवर्षे पिवळी होत जाते. अतिनील किरणांत काही दिवस ठेवल्यास हा पिवळेपणा बराच कमी होतो. मात्र भिंग उघड्या उन्हात ठेवले तर ते किरण एकवटून आग लावू शकते, हे विसरू नये.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. अंधाऱ्या खोलीत जुन्या भिंगासमोर लहान विजेरी धरा आणि आत दिसणाऱ्या प्रतिमा मोजा. हवा आणि काच यांची प्रत्येक सीमा एक ठळक प्रतिमा देते. चिकटवलेला जोड अगदी पुसट. पांढऱ्या प्रतिमा लेप नसलेल्या पृष्ठभागाच्या, रंगीत प्रतिमा लेप असलेल्या. भिंग न उघडता त्याची रचना कळते आणि साधारण वयही.

टेलर यांच्या आधीही डागाळलेली भिंगे शेकडो लोकांच्या हाती आली असतील. बहुतेकांनी ती घासून चकचकीत केली. टेलर यांनी त्यांतून किती प्रकाश जातो, ते मोजले. वर्गात एखादे निरीक्षण पुस्तकाशी जुळत नाही, तेव्हा आपणही फडके उचलण्याआधी एकदा मोजून पाहावे.